रिपरच्या केसमधले मागच्या बाकावरचे संशयित

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही 'जॅक द रिपर अखेर सापडला' असा अर्ध्या पानाचा लेख छापलात, तो मी दोनदा वाचला, चहा गार झाला, आणि मग राहवेना म्हणून हे टाइप करायला बसलोय. मोबाइलवर टाइप करतोय, शुद्धलेखन पोटात घाला. माझी ओळख एवढीच की मी कोर्टात बेंच क्लार्क होतो, सगळी नोकरी पंचनामे, जबाब आणि मुद्देमालाच्या याद्यांच्या धुळीत गेली, आणि ह्या लंडनच्या केसचा नाद मला तेव्हापासूनचा. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, १८८८ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरात लंडनच्या व्हाइटचॅपल भागात चार रात्रींत पाच बायकांचे गळे चिरून खून झाले, मेरी केली ही त्यातली शेवटची, खुनी कधीच सापडला नाही, त्यालाच जॅक द रिपर म्हणतात.) घरचे म्हणतात तुम्हाला इथले खून पुरले नाहीत का. असो.

आधी त्या शालीचं बघू, कारण तुमचा अख्खा लेख तिच्यावरच उभा आहे, शाल म्हणे मयत कॅथरिन एडोजची आणि तिच्यावरच्या डीएनएवरून खुनी म्हणे अ‍ॅरन कोझ्मिन्स्की. कॅथरिन एडोज ३० सप्टेंबर १८८८ च्या पहाटे मायटर स्क्वेअरमध्ये मेली, तिच्या अंगावरच्या आणि खिशातल्या वस्तूंची यादी पोलिसांनी केली आणि ती आजही वाचायला मिळते. काय नाहीये तिच्यात? चहा-साखरेच्या डब्या, साबणाचे तुकडे, एक हातमोजा, चष्म्याचा अर्धा भाग, गरीब बाईचं सगळं घरच ती अंगावर घेऊन फिरत होती. त्या यादीत ही शाल नाही. आता मला सांगा, ज्या मुद्देमालाची यादीतच नोंद नाही, जो कुणा पोलिसाने बायकोसाठी घरी नेला अशी घराण्यात सांगोवांगी चालत आली, जो शंभर वर्षं कुणाकुणाच्या हातात गेला आणि २००७ मध्ये लिलावात विकला गेला, तो आमच्या साहेबांनी टेबलावर तरी ठेवू दिला असता का? वर त्या शालीवरचा डीएनए मायटोकाँड्रियल, म्हणजे आईकडून येणारा, तो एकाच माणसाचा असा नसतोच, हजारो लोकांचा तो सारखा असू शकतो. त्यावरून अ‍ॅरन कोझ्मिन्स्की ह्या बिचाऱ्या न्हाव्याला तुम्ही रविवारी सकाळी फाशी देऊन मोकळे झालात.

कोझ्मिन्स्की निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे. ह्या केसमध्ये पुढच्या बाकावर जे बसलेत, म्हणजे कोझ्मिन्स्की, ड्रूइट, ऑस्ट्रॉग, राजपुत्र वगैरे, ते तिथे पुरावा जास्त म्हणून बसलेले नाहीत, त्यांची नावं आधी बाहेर आली किंवा ते ऐकायला भारी वाटतात म्हणून बसलेत. मागच्या बाकावर काही माणसं आहेत, त्यांच्याकडे कुणी धड बघत नाही, आणि माझ्या मते वजन तिथे आहे.

पहिली तीन नावं आली कुठून ते बघा, तुम्ही पेपरवाले आहात म्हणून मुद्दाम सांगतोय. १८९४ च्या फेब्रुवारीत लंडनच्या 'द सन' ह्या पेपरनं मालिका चालवली की रिपर सापडलाय, तो वेड्यांच्या इस्पितळात आहे. नाव छापलं नव्हतं पण माणूस होता थॉमस कटबुश. हा १८९१ मध्ये लँबेथच्या दवाखान्यातून पळाला, रस्त्यात बायकांना मागून चाकू मारला, पकडला, ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या इस्पितळात गेला, तिथेच १९०३ मध्ये मेला. अडचण अशी की पोलिसात एक सुपरिंटेंडंट कटबुश होते. मेल्विल मॅकनॉटन ह्या साहेबांनी मग वरिष्ठांसाठी एक टिपण लिहिलं, त्यात कटबुश हा त्या सुपरिंटेंडंटचा पुतण्या असंही लिहिलं (हे नातं पुढे शोधणाऱ्यांना काही सापडलं नाही), आणि म्हटलं की कटबुशपेक्षा ह्या तिघांवर तरी जास्त संशय घेता येईल, ड्रूइट, कोझ्मिन्स्की, ऑस्ट्रॉग. बस! ही चार्जशीट नाहीये हो. पेपरात बोंब झाली म्हणून खात्यानं झाकपाक करायला लिहिलेला कागद आहे, आणि त्यावर लोक अजून पुस्तकं लिहितायत.

त्यात हे मॅकनॉटन साहेब खुनांच्या वेळी पोलिसात नव्हतेच. ते आपल्याकडे बंगालात वडिलांच्या जमिनी सांभाळायचे, १८८१ मध्ये तिथल्या लोकांनी त्यांना दंग्यात चांगला चोप दिला, त्यातून बंगालचे पोलीसप्रमुख जेम्स मन्रो ह्यांच्याशी ओळख झाली, आणि मन्रो पुढे लंडनला मोठ्या हुद्द्यावर गेल्यावर त्यांनी ह्यांना ओढायचं बघितलं. कमिशनर वॉरन अडून बसले, शेवटी १८८९ च्या जूनमध्ये हे रुजू झाले. मेरी केलीचा खून नोव्हेंबर ८८ चा. म्हणजे ऐकीव माहिती, आणि ती पण चुकीची. ड्रूइटला ते ४१ वर्षांचा डॉक्टर म्हणतात, तो ३१ वर्षांचा वकील होता आणि शाळेत शिकवायचा. ऑस्ट्रॉग तर त्या वेळी फ्रान्समध्ये अटकेत होता असं पुढे कागदांवरून निघालं. तिघांतले एक बाद, एकाचा धंदा आणि वय दोन्ही चूक. अशी नोट माझ्या हातून गेली असती तर मेमो मिळाला असता.

ड्रूइटबद्दल एक गंमत सांगतो, मुंबईकरांना आवडेल. १८८८ मध्ये पारशांची क्रिकेट टीम इंग्लंडच्या दौऱ्यावर होती, डॉ. पावरी वगैरे मंडळी. ऑगस्टमध्ये बोर्नमथच्या टीमशी त्यांची मॅच झाली आणि त्या टीममध्ये हा माँटेग्यू ड्रूइट होता, पहिल्या डावात त्यानं आपल्या पारशांचे पाच गडी काढले, तरी मॅच पारशांनीच जिंकली. म्हणजे रिपरचा एक नंबरचा संशयित समोर उभा राहून बॉल टाकतोय आणि आमचे बावाजी त्याला खेळतायत! ८ सप्टेंबरला पहाटे अ‍ॅनी चॅपमनचा खून झाला आणि त्याच दिवशी सकाळी हा ब्लॅकहीथला क्रिकेट खेळत होता. अशक्य नाही, ट्रेननं पोचता येतं, पण रात्रभर तसलं काही करून आलेला माणूस पांढरे कपडे घालून मैदानावर उतरतो आणि विकेट काढतो हे मला तरी पचत नाही. त्याच्याविरुद्ध आहे काय तर डिसेंबर अखेरीस थेम्समध्ये त्याचं प्रेत सापडलं, खिशात दगड, शाळेतून नुकतंच काढलेलं, आई वेड्यांच्या इस्पितळात, आणि आपलंही आईसारखंच होणार ह्या भीतीची चिठ्ठी. खून थांबले आणि हा मेला, एवढंच. हा पुरावा नाही, योगायोग आहे, आणि एका दुःखी माणसाची आत्महत्या आहे.

आता मागच्या बाकाकडे येऊ.

हल्ली यूट्यूबवर सगळ्यात जोरात कोण असेल तर चार्ल्स लेचमियर. हा पिकफर्ड्स कंपनीचा गाडीवान, वीसेक वर्षं तिथेच नोकरी, बायको, डझनभराच्या आसपास पोरं. ३१ ऑगस्टला पहाटे कामावर जाताना बक्स रो मध्ये मेरी अ‍ॅन निकल्सचं प्रेत पहिल्यांदा ह्यानं बघितलं. मागून दुसरा गाडीवान रॉबर्ट पॉल आला, दोघांनी बघितलं, पुढे पोलीस भेटला त्याला सांगितलं, आणि गेले आपापल्या कामाला. लोकांचं म्हणणं काय, तर पॉल येईपर्यंत हा प्रेताजवळ एकटाच होता, चौकशीत त्यानं आडनाव लेचमियर न सांगता क्रॉस सांगितलं, मिझेन नावाचा शिपाई म्हणतो की ह्यानं मला 'तिकडे एक पोलीस तुला बोलावतोय' असं सांगितलं आणि हा म्हणतो मी असं बोललोच नाही, आणि त्याचा कामावर जायचा रस्ता बाकीच्या खुनांच्या जागांजवळून जातो. ऐकायला जबरदस्त वाटतं ना? मलाही एक आठवडा वाटलं होतं.

मग मी आमच्या कोर्टात बसून बघितल्यासारखं बघितलं. क्रॉस हे त्याच्या सावत्र बापाचं आडनाव, तो बाप स्वतः पोलीस, आणि कंपनीत हा त्याच नावानं ओळखला जात असेल तर त्यात लपवाछपवी कसली, कारण घरचा पत्ता खरा दिला, कंपनी खरी सांगितली, चौकशीला स्वतः आला. आपल्याकडे रेशनकार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर एक आणि गल्लीत हाक मारायला तिसरं, असे साक्षीदार मी किती बघितलेत. नील नावाचा शिपाई सव्वातीनला त्या गल्लीतून गेला तेव्हा तिथे काही नव्हतं, पावणेचारला परत आला तर प्रेत. मधल्या अर्ध्या तासात कुणीही असू शकतो. आणि ज्याला खून करून पळायचंय तो मागून पावलं ऐकू आल्यावर अंधारात सटकेल का समोरच्याला थांबवून 'ये रे, बघ इथे बाई पडलीये' म्हणेल? त्याचे पाठीराखे म्हणतात हाच तर त्याचा धूर्तपणा. मग काय, पळाला असता तर खुनी आणि नाही पळाला तर धूर्त खुनी, सुटायला जागाच ठेवलेली नाही.

इथे थोडं विषयांतर करतो. माझ्या मेव्हण्यानं एकदा हायवेवर अपघातातल्या माणसाला उचलून दवाखान्यात नेलं, आणि त्याच्या बदल्यात पुढची काही वर्षं त्याला समन्स, तारखा आणि 'तुम्हीच धडक दिली नाही कशावरून' हे ऐकावं लागलं. तेव्हापासून तो रस्त्यात काहीही दिसलं तरी खिडकीची काच वर करतो. लेचमियर १९२० मध्ये मेला, त्याला बिचाऱ्याला कळलंही नाही की आपण शंभर वर्षांनी आरोपी होणार आहोत. रस्ता जवळून जातो म्हणता, अहो व्हाइटचॅपलमध्ये राहणाऱ्या प्रत्येक हमालाचा रस्ता तिथूनच जात होता! तो बाद असं मी म्हणत नाही, पण साक्षीदाराला आरोपी करायला एवढं पुरत नाही.

दुसरे फ्रान्सिस टंबल्टी. अमेरिकेतला झाडपाल्याचा वैदू, पदवी बिदवी काही नाही, भल्या मोठ्या मिशा, राजासारखा पोशाख, आणि एकदा तर लिंकनच्या खुनाच्या गडबडीत पण पकडून सोडला होता. १८८८ च्या नोव्हेंबरात लंडनला दुसऱ्याच गुन्ह्यात, पुरुषांशी संबंध ठेवल्याबद्दल, अटक झाली, जामीन मिळाला आणि हा फ्रान्समार्गे न्यूयॉर्कला पळाला. हे नाव कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातच नव्हतं, १९९३ मध्ये एक जुनं पत्र हाती लागलं, लिटलचाइल्ड नावाच्या मोठ्या पोलीस अधिकाऱ्यानं १९१३ मध्ये लिहिलेलं, त्यात हा 'माझ्या मते अगदी शक्यतेतला' संशयित म्हणून निघाला. त्या काळच्या पोलिसाच्या हातचं नाव म्हणून ह्याला वजन आहे. पण केलीच्या खुनाच्या रात्री हा जामिनावर बाहेर होता की कोठडीत, ह्यावरच अजून भांडणं चालू आहेत, आणि बरण्यांत गर्भाशयं जमवायचा वगैरे जी गोष्ट सांगतात ती एका नामांकित थापाड्यानं पेपरला दिलेली. उंच, पन्नाशीचा, मिशाळ, भपकेबाज परदेशी माणूस त्या गल्लीबोळात कुणाच्या डोळ्यात भरल्याशिवाय राहील? साक्षीदारांनी वर्णन केलेत ते माणूस असे नाहीतच.

जेम्स केलीची केस तर सिनेमासारखी आहे (मयत मेरी केलीशी नातं नाही, आडनाव सारखं). गाद्यागिर्द्या भरणारा कारागीर, १८८३ मध्ये बायकोच्या मानेत चाकू खुपसला, फाशी माफ होऊन ब्रॉडमूर, आणि १८८८ च्या जानेवारीत स्वतः बनवलेल्या किल्लीनं दार उघडून पळाला. म्हणजे खुनांच्या वर्षी मोकळा. पोलिसांनाही तो आठवला, नोव्हेंबरच्या खुनानंतर ते त्याच्या सासुरवाडीला शोधायला गेले होते. सापडला नाही. आणि मग ३९ वर्षांनी, १९२७ मध्ये, म्हातारा होऊन हा स्वतःच ब्रॉडमूरच्या दारात येऊन उभा, म्हणे मला आत घ्या, थकलो. दोन वर्षांनी तिथेच मेला. चाकू आहे, वेड आहे, मोकळीक आहे. नाही ते एकच, त्या चार रात्री तो व्हाइटचॅपलमध्ये होता असं दाखवणारा एकही कागद. जर-तरवर केस उभी राहत नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे एवढं लांबवलं तो, विल्यम बरी. तुमच्या लेखात ह्याचं नाव पण नाही!

हा बो भागात राहायचा, व्हाइटचॅपलपासून फार लांब नाही, लाकडाचा भुसा विकायचा धंदा, त्यासाठी तट्टू आणि गाडी, म्हणजे अवेळी फिरण्याला कारण आणि साधन दोन्ही. १८८८ च्या एप्रिलमध्ये एलन नावाच्या बाईशी लग्न केलं, तिच्याकडे मावशीचे आलेले रेल्वेचे शेअर होते, ते विकून दारूत घातले, तिला मारायचा, लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिच्या अंगावर चाकू घेऊन बसलेला घरमालकिणीनं बघितला. १८८९ च्या जानेवारीत, म्हणजे मेरी केलीनंतर दोन अडीच महिन्यांनी, तागाच्या गिरणीत नोकरी लागल्याचं खोटंच सांगून बायकोला घेऊन थेट स्कॉटलंडला डंडीला गेला. १० फेब्रुवारीला स्वतः पोलीस चौकीत गेला आणि म्हणाला बायकोनं आत्महत्या केली, मी प्रेत पेटीत ठेवलंय, लोक मला जॅक द रिपर समजतील ह्या भीतीनं सांगितलं नाही. आता कुणी विचारलं नसताना रिपरचं नाव आपणहून काढतो कोण? पोलीस गेले तर पेटीत बाई, गळ्याला दोरीचा वळ, आणि पोट चिरलेलं. घराच्या मागच्या बाजूला खडूनं लिहिलेलं की ह्या दाराच्या मागे जॅक रिपर आहे. ते गल्लीतल्या पोरांनीही लिहिलेलं असेल, खडूला मी फार धरत नाही. पोट चिरण्याला धरतो. दारुडे नवरे बायकोला मारतात, गळा दाबतात, हे आमच्या कोर्टात आठवड्याला एक यायचं, पण मेल्यावर पोट चिरणारा मी अख्ख्या नोकरीत एकही बघितला नाही.

विरुद्ध बाजू पण सांगतो, नाहीतर मी आणि तो शालवाला सारखेच. एलनचा गळा आवळला होता, चिरला नव्हता, रिपरच्या बायकांचे गळे चिरलेले. पोटावरचे वार त्या मानानं कमी. लंडनच्या पोलिसांनी बो मध्ये चौकशी केली आणि रिपरच्या केसमध्ये त्याला काही गोवलं नाही. फाशीआधी बायकोचा खून कबूल केला, बाकीचं नाही. आणि २४ एप्रिल १८८९ ला हा फासावर गेल्यावर जुलैत व्हाइटचॅपलमध्येच अ‍ॅलिस मॅकेन्झीचा खून झाला, तो जर रिपरचा धरला तर बरी आपोआप सुटला. काही डॉक्टर तेव्हा तो धरत होते, काही नव्हते. मी धरत नाही, तिच्यावरचे वार उथळ होते.

ह्या खटल्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. डॉक्टरांत मतभेद, आत्महत्या का खून, म्हणून ज्युरीनं दोषी ठरवून वर दयेची शिफारस केली. जज्जनी विचारलं दया का, तर म्हणे डॉक्टरांचं एकमत नाही म्हणून. जज्ज म्हणाले, मग तुमची खात्री झालेली नाही, परत आत जा. मंडळी आत गेली आणि थोड्या वेळात बाहेर येऊन एकमतानं दोषी! दया गेली. आमच्या बेंचपुढे असं काही झालं असतं तर वकिलांनी दोन वर्षं अपील खेळवलं असतं.

बाकीचे पटकन. डॉ. क्रीम खुनाच्या वर्षी अमेरिकेतल्या तुरुंगात होता, विषय संपला. विषारी जॉर्ज चॅपमन, ज्याच्यावर इन्स्पेक्टर अ‍ॅबरलाइनचा डोळा होता, त्यानं तीन बायकांना विष देऊन मारलं आणि १९०३ मध्ये लटकला, पण चाकूवाला माणूस विषाकडे वळतो हे जमत नाही. हचिन्सन, जो मेरी केलीची चौकशी आटोपल्यावर उगवला आणि अंधारात बघितलेल्या माणसाच्या टायच्या पिनेपर्यंत वर्णन सांगून गेला, त्याला मात्र मी अजून एकदा उलटतपासणीला बोलावला असता. राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर, जो पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईला येऊन गेला, तो ज्या एका रात्री दोन खून झाले त्या वेळी स्कॉटलंडला आजीकडे होता, आणि आजी म्हणजे व्हिक्टोरिया राणी, तिच्या रोजनिशीपेक्षा पक्की अ‍ॅलिबाय कुठली आणणार.

तुम्ही म्हणाल एवढं करून खुनी कोण ते सांगा की. सांगता येणार नाही. बोटांचे ठसे घेऊन माणूस ओळखायचं दप्तर कलकत्त्यात १८९७ ला सुरू झालं आणि लंडनला १९०१ मध्ये गेलं, म्हणजे १३ वर्षं उशीर. मायटर स्क्वेअर सिटी पोलिसांच्या हद्दीत, बाकीच्या जागा मेट्रोपोलिटनच्या, आणि एडोजच्या खुनानंतर जवळच्या गल्लीत सापडलेलं भिंतीवरचं खडूचं लिखाण फोटो काढायच्या आधीच वॉरन साहेबांनी पुसायला लावलं. हद्दीचं भांडण तिकडेही होतं, वाचून बरं वाटतं. 'जॅक द रिपर' हे नाव ज्या पत्रातून आलं ते सुद्धा एका बातम्या पुरवणाऱ्या एजन्सीला आलेलं आणि बड्या पोलीस अधिकाऱ्यांच्या मते ते एका पत्रकारानंच लिहिलेलं. मला विचाराल तर आज त्या सगळ्यांत फाइल पुन्हा उघडायला लायक एकच, बरी, आणि ती फाइल सुद्धा मी 'संशयाचा फायदा' असा शेरा मारूनच बंद केली असती.

लेख लिहिणारे तरुण दिसतात, त्यांना म्हणावं राग मानू नका, लिहीत राहा. फक्त एक करा. तुमच्या लेखात तिसऱ्या कॉलमात 'डॉ. ड्रूइट' असं छापलंय. तो डॉक्टर नव्हता, वकील होता. एवढी दुरुस्ती तरी येत्या रविवारी चौकटीत छापा, १८९४ पासून पेंडिंग आहे.

आपला जुना वाचक,
निवृत्त बेंच क्लार्क, ठाणे
(नाव छापू नये ही विनंती, घरचे आधीच वैतागलेत)